ड्यूकदाजी

आमच्या दाजींना उत्तर सुचत नाही असं नाही. सुचतं, पण न्हावऱ्याला सुचतं. शिरूरच्या एसटी स्टँडवर कुणीतरी खिडकीवर टाकलेला त्यांचा रुमाल उचलतो, बाजूला ठेवतो आणि वर ऐकवतो, ‘‘रुमालावर जागा मिळत असती तर आमी घरून वाकळ आणली असती.’’ गाडीतली माणसं हसतात. दाजीही हसतात आणि मागच्या चाकावरची सीट धरतात. गाडी न्हावऱ्याला पोचते आणि दाजींच्या डोक्यात असं एक खणखणीत वाक्य तयार होतं, की त्या माणसाने जागा सोडून वर दाजींचं तिकीट काढलं असतं. मागे वळून बघावं तर तो मधल्याच फाट्यावर उतरून गेलेला. मग ते वाक्य पारगावचा पूल, चौफुला, पाटस असं करत दौंडला आमच्या घरी येतं आणि चहाबरोबर आम्हाला ऐकवलं जातं. आम्ही दाद देतो. सासरच्या माणसांना ती द्यावीच लागते.

अशी उत्तर उशिरा सुचणारी माणसं भीमा-घोडच्या पट्ट्यात पुष्कळ आहेत. त्यातली काही भजनी मंडळात जातात, काही ग्रामपंचायतीला उभी राहतात, काही पितात. दाजींनी ड्यूक धरला.

आता शिरूरच्या बाजारात ‘ड्यूक’ म्हटलं की कॉलेजची पोरं चाकणला तयार होणाऱ्या मोटारसायकलबद्दल बोलू लागतात. दाजी त्यांना थांबवतात आणि तारखेपासून सुरुवात करतात. २९ जानेवारी १९९६ ला अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या थ्रीडी रिअल्म्स कंपनीने ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ नावाचा कॉम्प्युटर गेम बाहेर काढला. पडद्यावर खाली फक्त बंदुकीची नळी दिसते, कारण बंदूक धरणारे आपण. नायकाचे पिवळे आखूड केस, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात लाल बनियन. परग्रहवासी लॉस एंजेलिसवर उतरलेत, पोलिसांची डुकरं करून टाकलीत, पृथ्वी संकटात आहे. पण ड्यूकला पहिला राग येतो तो आपलं वाहन पाडल्याचा. पृथ्वीचं नंतर बघू, आधी गाडीचं कोण भरून देणार ते बोला! दाजी म्हणतात, या एका गोष्टीवरूनच आपल्याला कळलं की हा माणूस घोडनदीचा, म्हणजे आपल्या शिरूरचा आहे.

आणि तो बोलतो. हे महत्त्वाचं. १९९३ साली आलेल्या ‘डूम’मधला वीर सगळा नरक पालथा घालतो, पण विव्हळण्यापलीकडे तोंडातून आवाज काढत नाही. ड्यूक एकेका शत्रूला लोळवतो आणि लगेच, त्याच क्षणी, त्याच जागी शेरा मारतो. जॉन सेंट जॉन नावाच्या माणसाचा घोगरा आवाज आहे तो. पुष्कळसे शेरे हॉलिवूडच्या सिनेमांवरून उचललेले आहेत, हे दाजींना पुढे कुणीतरी सांगितलं. दाजींना त्याचं काही वाटलं नाही. वाक्य कुणाचंही असो, वेळेवर आलं ना? वेळेवर आलेलं वाक्य हीच दाजींच्या लेखी जगातली सगळ्यात मोठी मर्दुमकी आहे.

ताईला बघायला दाजी दौंडला आले ते १९९९ साल. आमचे वडील रेल्वेत. पोहे झाले, नोकरी झाली, शेती झाली, मग वडिलांनी विचारलं, ‘‘छंद वगैरे?’’

‘‘ड्यूक,’’ दाजी म्हणाले.

‘‘कुठं असतं ते?’’

‘‘लॉस एंजेलिसला.’’

वडील पाणी प्यायच्या निमित्ताने आत आले आणि आईच्या कानात म्हणाले, ‘‘मुलाचं अमेरिकेत काहीतरी चालूये, पण सांगायला लाजतोय.’’ लग्न ठरलं.

दाजींचं जे काही चालू होतं ते घोडनदीच्या बाजारपेठेत, एका जिन्याखालच्या खोलीत. बाहेर ‘कॉम्प्युटर क्लासेस’ अशी पाटी, दारात चपलांचा ढीग आणि आत तीन मशीन. चप्पल काढल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा तेव्हा नियमच होता. धुळीचं कारण सांगायचे, पण आत शिरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर भाव देवळातलाच असायचा. दिवसा डॉस, वर्डस्टार, डीबेस. रात्री क्लास सुटला की दाजी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसत. ड्यूकला आठ एमबी मेमरी लागायची आणि क्लासातल्या मशीनमध्ये ती चार-चार एमबीच होती. मग दोन नंबरच्या मशीनमधली पट्टी काढून एक नंबरला बसवायची, पहाटेपर्यंत लॉस एंजेलिस वाचवायचं आणि सकाळची बॅच यायच्या आत पट्टी परत जागेवर. एकदा परत लावायची राहिली. सकाळी डीबेस शिकायला आलेल्या मुलींना दाजींनी सांगितलं, ‘‘आज थिअरी.’’

आवाजासाठी साउंड कार्ड बसवलं तेव्हा गेमला त्याचा पत्ता सांगावा लागे. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. हे तीन आकडे दाजींना झोपेतून उठवून विचारले तरी येतात. लग्नाची तारीख ते ताईला विचारून सांगतात.

पण दाजी खरे खुलतात ते त्या शहरात काय काय करता येतं हे सांगताना. त्या काळातल्या इतर गेममध्ये भिंत म्हणजे नुसती भिंत, दार म्हणजे नुसतं दार. ड्यूकच्या लॉस एंजेलिसमध्ये दिव्याचं बटण दाबलं की दिवा विझतो. सिनेमागृहात प्रोजेक्टर चालू करता येतो. रस्त्यावरचं पाण्याचं नळकांडं फुटलं की कारंजं उडतं आणि त्या कारंज्याला तोंड लावून प्यालं की ड्यूकची तब्येत घोटाघोटाने सुधारते. सिनेमागृहाच्या मुतारीत उभं राहून कळ दाबली की ड्यूक मोकळा होतो, समाधानाचा सुस्कारा सोडतो आणि तब्येत आणखी थोडी वर जाते. पृथ्वीवर एवढं संकट आलेलं असताना नायकाला लघवीला जावंसं वाटतं, ही गोष्ट दाजी डोळ्यांत पाणी आणून सांगतात. ‘‘पाव्हणं, महाभारत-रामायणापासून बगा. कुठल्या वीराला लागली होती का कधी?’’

हत्यारंही तशीच. शत्रूला बारीक करणारी एक बंदूक आहे. किरण लागला की साडेसहा फुटी राक्षस उंदराएवढा होऊन चिरक्या आवाजात पळायला लागतो, आणि ड्यूक त्याला बुटाखाली चिरडतो. हाच किरण आरशावर मारला तर उलटून आपल्यालाच लागतो आणि मग आपण उंदराएवढे. दुसरी बंदूक गोठवणारी. गोठलेल्या शत्रूला लाथ मारली की ठिकऱ्या. एक यंत्र असं की त्यातून ड्यूकचंच नकली रूप उभं राहतं. शत्रू त्याच्यावर गोळ्या वाया घालवतात आणि खरा ड्यूक मागून जातो. वसुलीवाला आला की आपलं असं एक रूप क्लासात उभं करून मागच्या दाराने कटावं, अशी दाजींची फार इच्छा होती. घोडनदीच्या जिन्याखालच्या खोलीला मागचं दार नव्हतं.

आरशाबद्दल मात्र दाजींना अडवू नये. हा गेम ज्या यंत्रणेवर चालतो ती ‘बिल्ड’ नावाची यंत्रणा केन सिल्व्हरमन नावाच्या मुलाने लिहिली. त्या कामाला हात घातला तेव्हा तो विशीचाही नव्हता. ती यंत्रणा खरी त्रिमिती नव्हे. शत्रू म्हणजे आपल्याकडे तोंड करून फिरणारी सपाट चित्रं, खोल्या म्हणजे वरून काढलेल्या नकाशाला दिलेली उंची. अशा यंत्रणेत आरसा दाखवायचा कसा? तर नकाशात आरशाच्या पाठीमागे चांगली ऐसपैस रिकामी जागा सोडून द्यायची. बघणारा आरशासमोर आला की यंत्र त्या रिकाम्या जागेत हीच खोली उलटी करून रंगवतं. जागा सोडायला विसरलात तर आरसा बिघडतो. हे दाजींनी माझ्या लग्नात, मुंडावळ्या बांधून आरशापुढे बसलेल्या मला, खांद्यावर हात ठेवून सांगितलं. ‘‘आरशामागं मोकळी जागा लागते, पाव्हणं.’’ हे वाक्य तत्त्वज्ञान म्हणून वापरण्याचा मोह कुणालाही होईल. दाजींना तर कायमच होतो. खरं म्हणजे ती एक तांत्रिक अडचण होती आणि त्या पोराने ती झकास सोडवली, एवढंच.

एक भाग दाजी सांगत नाहीत, तो मी सांगतो. पहिल्या भागातल्या दुसऱ्याच टप्प्यात एक नाचघर आहे. तिथे बायका उभ्या असतात आणि ड्यूक त्यांच्यावर पैसे उडवतो. मला विचाराल तर गेमचा विनोद तिथे धापा टाकायला लागतो. बाकी सगळीकडे हसू ड्यूकच्या बढाईवर असतं, इथे नुसत्या हलणाऱ्या चित्रांवर. त्या बायकांना बोलायला एक धड वाक्य नाही. कंपनीलाही अंदाज असावा, कारण घरातल्या पोरांपासून हे लपवायला संकेतशब्दाचं कुलूप दिलेलं होतं. लग्नाआधी वडील क्लास बघायला घोडनदीला यायचे होते, तेव्हा दाजींनी घाईघाईने ते कुलूप लावलं आणि संकेतशब्द विसरले. तेव्हापासून दाजींनी तो टप्पा सोवळ्यातच खेळलेला आहे. चौफुल्याच्या कला केंद्रांवरून एसटी जाते तेव्हाही ते खिडकीबाहेर बघत नाहीत. सवयच लागली.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दाजी दौंडला राहायला आले ते एसटीत मांडीवर सीपीयू घेऊन. वाकळेत गुंडाळलेला. शेजारच्या बाईने कौतुकाने ‘‘किती महिन्याचं?’’ म्हणून विचारलं. (याचं उत्तर दाजींना केडगावला सुचलं.) मॉनिटर आमच्या गल्लीत एकाकडे होता, तो मागून आणला. दौंड म्हणजे एकीकडे रेल्वे आणि दुसरीकडे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, पाच नंबर आणि सात नंबर. आमच्या शेजारी एसआरपीतले एक हवालदार राहत. गल्लीतली पोरं जमली होती, दाजी खेळत होते, धाडधाड चालली होती. हवालदार काका दारातून आत आले, खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ एक शब्द न बोलता बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘ह्या गड्याची बंदूक साफ कोण करतं?’’

दाजी थांबले.

‘‘सकाळधरनं फायर करतोय. एकदा पण नळीत चिंधी नाय घातली.’’ थोड्या वेळाने, ‘‘गोळ्या कुठनं इश्यू झाल्या?’’

‘‘रस्त्यात पडलेल्या असतात, काका.’’

‘‘रस्त्यात?’’ काकांचा चेहरा उतरला. ‘‘आन् पुंगळ्या कोण गोळा करतं? आमच्यात एक पुंगळी कमी भरली तर रात्र रात्र ग्राउंडवर बॅटरी घेऊन हुडकावी लागती.’’

तेवढ्यात दारामागून डुक्करतोंडी पोलीस आला. निळी वर्दी, हातात शॉटगन. खोलीत एकदम शांतता. दाजींचा हात कळफलकावर तसाच राहिला आणि ड्यूक उभ्या उभ्या छर्रे खात राहिला.

‘‘हे कोण?’’ काकांनी विचारलं.

‘‘ते… पोलीसच. पण त्यांना परग्रहावाल्यांनी तसं केलंय.’’

‘‘महाराष्ट्र पोलीस?’’

‘‘नाय नाय, तिकडचे. लॉस एंजेलिसचे.’’

काकांनी विचार केला. ‘‘मग मारा,’’ म्हणाले.

२००० सालच्या डिसेंबरात ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आला आणि शिरूर काय, दौंड काय, सगळी पोरं त्याच्या नादाला लागली. नॉर्वेतल्या कंपनीने केलेला तो गेम. लष्करी तळात चोरून घुसायचं, दुर्बिणीतून बघायचं, लांबून एकेकाला टिपायचं. सगळं कसं गंभीर. त्यात एक खोट होती. मोहीम अर्ध्यावर असताना गेम साठवून ठेवता येत नसे. मेलात की पहिल्यापासून. नॉर्वेत वीज जात नसावी. आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं आणि वीज त्याच्या आधीच जायची. तासभर दबकत दबकत तळाच्या दारापर्यंत गेलेला पोरगा काळ्या पडद्यापुढे बसून महावितरणच्या आधीच्या मंडळाचा उद्धार करायचा. ड्यूक कुठेही, केव्हाही साठवता यायचा. दाजी एक दार उघडलं की साठवत आणि दार लावलं की पुन्हा साठवत.

पण आयजीआयवर त्यांचा राग विजेपायी नव्हता. त्यातला डेव्हिड जोन्स कामापुरतंच बोलतो. दाजींचं म्हणणं, ‘‘गपचिप जायचं, गपचिप यायचं, तोंडातनं शब्द काढायचा नाय, त्याच्यासाठी मी गेम कशाला खेळू? तो तर मी रोजच खेळतो.’’

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं, एमएस-सीआयटीचा कोर्स आला, आणि सरकारी नोकरांना तो पास होणं भाग पडलं. दाजींच्या क्लासाला सुगी आली. गुरुजी, बाई, तलाठी, ग्रामसेवक, सगळे चपला काढून आत. पन्नाशीच्या माणसाला कळफलकाची भीती घालवायची कशी? दाजींनी त्यांना ड्यूक लावून दिला. बाणांनी चालायचं, कंट्रोलने गोळी, स्पेसने दार उघडायचं, ए दाबला की उडी, झेड दाबला की वाकायचं. आठवड्याभरात मंडळी अशी तयार झाली की बोलायची सोय नाही. मात्र एका भाऊसाहेबांचा ‘स्पेस म्हणजे दार’ हा समज इतका पक्का झाला, की परीक्षेत दोन शब्दांमध्ये जागा सोडायची म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘इथं दार कुठंय?’’

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पुजतात. कोयता, विळा, पाना, ट्रॅक्टर. दाजी ते जुनं मशीन पुसून पाटावर ठेवतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि मग चालू करून ड्यूकला त्याची सगळी हत्यारं मिळवून देतात. डी, एन, एस, टी, यू, डबल एफ अशी अक्षरं ओळीने मारली की सगळा दारूगोळा हाती येतो, हा त्यातला गुपित मंत्र. पहिल्या वर्षी ताईने विचारलं, ‘‘नैवेद्य काय दाखवू? छर्रे?’’

ताईबद्दल सांगायलाच हवं. ताईला उत्तर सुचायला वेळ लागत नाही. समोरच्याचं वाक्य संपायची ती वाट बघते, तीही आमच्या आईच्या संस्कारांमुळे. दाजींची बढाई ज्या क्षणी पूर्ण होते, त्याच क्षणी ती जमिनीवर पडलेली असते. ड्यूकमध्ये ज्यासाठी जॉन सेंट जॉनला पैसे मोजले गेले, ते काम दाजींच्या घरी फुकटात आणि मराठीतून चालतं. दाजींना हे कधी दिसलं नाही.

दाजींच्या आयुष्यातला मोठा अध्याय म्हणजे प्रतीक्षा. १९९७ च्या एप्रिलमध्ये कंपनीने जाहीर केलं, की ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ नावाचा पुढचा गेम येतोय. पुढच्या वर्षी येईल म्हणाले. नाही आला. मग यंत्रणा बदलली, म्हणून सगळं नव्याने. पुन्हा काहीतरी नवं निघालं, म्हणून पुन्हा नव्याने. तारीख विचारली की कंपनीचं एकच उत्तर ठरलेलं: होईल तेव्हा होईल. जगभर ती चेष्टा झाली. न येणाऱ्या मालाची थट्टेची बक्षिसं वर्षानुवर्षं याच गेमला मिळत गेली. इकडे दाजींचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगा झाला. वीज मंडळाची महावितरण झाली. प्लूटोचं ग्रहपद गेलं. क्लासाचा सायबर कॅफे झाला आणि सायबर कॅफेचं महा ई-सेवा केंद्र झालं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा. काउंटरपलीकडून शेतकरी विचारायचा, ‘‘सर, दाखला कधी मिळंल?’’ आणि दाजी टेक्सासच्या सुरात सांगायचे, ‘‘झाला की मिळंल.’’ हे उत्तर त्यांना वेळेवर यायचं. कारण ते त्यांचं नव्हतं.

२००९ च्या मे महिन्यात पैसे संपले म्हणून कंपनीने गेम करणाऱ्या माणसांनाच घरी पाठवलं. दाजींनी दोन दिवस दाढी केली नाही. शेजाऱ्यांनी ताईला हळूच विचारलं, कोण गेलं? ताई म्हणाली, ‘‘अजून आलेच नव्हते.’’

मग दुसऱ्या कंपनीने ते अर्धवट काम उचललं, आणि २०११ च्या जूनमध्ये गेम खरोखरच बाजारात आला. चौदा वर्षं. रामाचाही वनवास एवढाच होता, पण रामाला परत आल्यावर ग्राफिक्स कार्ड बदलावं लागलं नाही. दाजींनी बदललं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पूर्ण पैसे भरून, पावती घेऊन, अस्सल डीव्हीडी विकत आणली. पुण्याहून घोडनदीपर्यंत पिशवी मांडीवर. केंद्राचं शटर अर्धं ओढलं आणि बसले.

मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ‘‘कसाय?’’

‘‘बराय,’’ दाजी म्हणाले.

ज्या माणसाने एका मुतारीवर अर्धा तास बोलावं, त्याने ‘बराय’ म्हणावं! मग हळूहळू बाहेर आलं. जुना ड्यूक दहा हत्यारं अंगावर बाळगून फिरायचा, याला एका वेळी दोनच. ‘‘दोनच, पाव्हणं! आठवडी बाजाराला बाई निघाली तरी दोन पिशव्यांत तिचं भागत नाय.’’ जखमी झाल्यावर आता फुटक्या नळाचं पाणी प्यायला धावायचं कारण नाही. भिंतीमागे गुपचूप उभं राहिलं की तब्येत आपोआप भरते. आणि विनोद? विनोद तेच होते. १९९७ चे. ज्या सिनेमांची, ज्या वीरांची टिंगल करायची, ते सगळे म्हातारे होऊन गेले होते. समीक्षकांनी धू धू धुतलं. ड्यूकला उत्तर सुचलं होतं, पण खिडकीवरचा माणूस केव्हाच उतरून गेला होता.

मी तसं म्हणालो नाही. दाजींनीच थोड्या वेळाने समजूत काढली. माझी की ड्यूकची, कळलं नाही. ‘‘होतो उशीर माणसाला,’’ म्हणाले.

माझा मुलगा मोबाइलवर बीजीएमआय खेळतो. कपाळाला आठी, कानात बोंडं, चार मित्रांना हुकूम, आणि मेल्यावर तासभर घरात सुतक. दाजी एकदा त्याच्या शेजारी बसले, विमानातून उडी मारताना बघितली, गवतात पालथं पडून राहिलेला तो सैनिक बराच वेळ बघितला. ‘‘हा बोलत नाय का?’’ ‘‘गप्प बसा, पावलं ऐकू येत नाहीत,’’ पोरगा म्हणाला. दाजी उठून आले. ‘‘लई टेन्शनमधी असतेत ही पोरं,’’ मला म्हणाले, ‘‘गोळी मारायची आन् हसायचं नाय, मंग मारायची कशाला?’’

जुन्या ड्यूकच्या बाबतीत मात्र एक चांगलं झालं. २००३ च्या १ एप्रिलला कंपनीने त्याची मूळ संहिता लोकांना मोकळी करून दिली. तारीख बघून दाजींना आधी चेष्टाच वाटली होती. त्यावरून हौशी लोकांनी तो गेम नव्या मशीनवर चालता केला. दाजींची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. गेल्या भाऊबीजेला दौंडला तिने दोन लॅपटॉप वायरने जोडले आणि जाहीर केलं, की आज आई विरुद्ध बाबा.

जुन्या गेममध्ये समोरासमोर खेळताना एक खास सोय होती. कळ दाबली की ड्यूकचा तयार शेरा तुमच्या शत्रूच्या मशीनवर वाजायचा. दाजींना माणसाने लावलेल्या शोधांपैकी हा सगळ्यात मोठा वाटतो. कुठली कळ, कुठला शेरा, याची त्यांनी कागदावर यादी करून लॅपटॉपच्या कडेला चिकटवली. बोटं मोडली. ताई पुरणाच्या हाताने आली, पदर खोचला, ‘‘कुठलं बटण दाबायचं तेवढं सांग,’’ म्हणून लेकीला विचारलं. पायपात भरलेला एक बॉम्ब असतो. तो टाकून लांब जायचं आणि हवं तेव्हा कळ दाबून उडवायचा. तेवढंच ती शिकली.

सिनेमागृहाचा टप्पा. दाजी गच्चीवरून उतरले, रस्ता पार केला, कोपऱ्यावर उगाच दोन गोळ्या हवेत झाडल्या. ताई दिसेना. दाजींनी एक शेरा वाजवला, मग दुसरा. खोलीत आम्ही सगळे हसलो. पलीकडून काही नाही. दाजींना थोडे छर्रे लागले होते, तब्येत कमी होती. कुणाही सराईताने केलं असतं तेच त्यांनी केलं: सिनेमागृहात शिरले, तिकिटाच्या खिडकीवरून पुढे, दार उघडलं, आरशात एकदा स्वतःला बघितलं आणि मुतारीपुढे उभे राहिले.

ताई या माणसाबरोबर संसार करत होती. तो कुठे जाणार हे तिला माहीत होतं. बॉम्ब मुतारीच्या बाजूलाच पडलेला होता.

धडाका झाला तेव्हा ती लॅपटॉपसमोरून उठलीसुद्धा होती. यादीतलं उत्तर शोधत दाजींचं बोट कागदावरून फिरत होतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘‘झालं असेल तर हात धुवा. पानं वाढलीत.’’